ऐकत धावणारा कुत्रा

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. ‘‘मामा, बॉर्डर कॉलीचं पिल्लू बघून ठेवलंय. उद्या पैसे भरायचेत. त्याआधी तुझ्या कानावर घालावं म्हटलं.’’ ती पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतात आणि रात्री आठला परततात. अ‍ॅजिलिटी नावाच्या खेळाच्या चित्रफिती पाहून ती भारावून गेली होती. काळंपांढरं कुत्रं वाऱ्यासारखं येतं, आडव्या दांड्यांवरून उड्या मारतं, बोगद्यात शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं, खांबांच्या रांगेतून नागमोडी पळत जातं, आणि शेजारून धावणाऱ्या माणसाच्या नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर दिशा बदलतं. ‘‘मला हे करायचंय,’’ ती म्हणाली. ‘‘आणि यात जिंकतं ते हेच कुत्रं. मग हेच घ्यायला नको का?’’

मी तिला आठवडाभर थांबायला सांगितलं. त्या आठवड्यात आमचं जे बोलणं झालं, तेच इथे जरा सविस्तर मांडतो आहे.

घाईची भीती वाटण्याचं माझं कारण जुनं आहे. मी सहावीत असताना वडिलांनी एक अल्सेशियन आणला. कान ताठ, छाती भरदार. वाड्याच्या दारात बांधला की येणारा-जाणारा दबकून चाले. तेवढंच त्याचं काम. दिवसभर साखळी आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. वर्षभरात त्याने दाराची चौकट कुरतडली, तो सायकलवाल्यांच्या अंगावर जाऊ लागला, आणि एका दुपारी त्याने शेजारच्या मुलाची पोटरी धरली. त्याला ओळखीतल्या एकाच्या मळ्यावर पाठवून दिलं. आम्ही पुन्हा कधी चौकशी केली नाही. घरात त्याचा उल्लेख ‘तो माथेफिरू’ असाच होत राहिला.

फार उशिरा मला कळलं, की आम्ही ज्याला अल्सेशियन म्हणत होतो त्याचं मूळ नाव जर्मन शेफर्ड, म्हणजे जर्मन मेंढपाळ. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला. तिथल्या केनेल क्लबने नाव बदललं, आणि ते अधिकृतपणे परत यायला १९७७ साल उजाडावं लागलं. आमच्यापर्यंत बदललेलं नावच पोहोचलं, आणि त्या नावात त्याच्या कामाचा मागमूस नव्हता. दिवसभर कळपाभोवती फिरण्यासाठी घडवलेला प्राणी आम्ही चार हात साखळीला बांधला, आणि वर त्यालाच नावं ठेवली.

म्हणून ‘कोणत्या जातीचा कुत्रा घेऊ?’ असं कुणी विचारलं, की मी आधी त्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या कोणतं काम केलं ते पाहतो. अ‍ॅजिलिटीच्या बाबतीत तर सगळा उलगडा तिथेच होतो.

घोड्यांच्या मैदानावरून आलेला खेळ

हा खेळ तसा तरुण आहे. १९७८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात ‘क्रफ्ट्स’ हे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन भरलं होतं. मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना काय दाखवावं, हा आयोजकांपुढचा प्रश्न होता. समितीतल्या जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला हाताशी धरून घोड्यांच्या उडीस्पर्धेसारखं मैदान कुत्र्यांसाठी बेतलं. वेळ भरून काढण्यासाठी केलेलं ते प्रात्यक्षिक प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. १९८० मध्ये केनेल क्लबने त्याला खेळ म्हणून मान्यता दिली, आणि १९९६ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा भरू लागल्या.

मैदानावर साधारण वीस अडथळे असतात. उडीच्या दांड्या असतात, कापडी बोगदे असतात. दोन फळ्या एकमेकींना टेकवून केलेला, माथ्याशी १७० सेंटीमीटर उंच असा चढ-उतार असतो. जेमतेम ३० सेंटीमीटर रुंदीचा, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचा पूल असतो. मुलांच्या बागेत असतो तसा सी-सॉ असतो. आणि ६० सेंटीमीटर अंतराने उभे केलेले १२ खांब असतात. त्यांत शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा, नाहीतर चूक धरली जाते. चढ, पूल आणि सी-सॉ यांची टोकं वेगळ्या रंगाने रंगवलेली असतात. उतरताना त्या रंगीत भागाला पाय लागलाच पाहिजे. अधीर कुत्र्याने वरूनच उडी टाकून स्वतःला इजा करून घेऊ नये, म्हणून हा नियम.

पण या खेळाचं मर्म दुसऱ्याच एका नियमात आहे. अडथळ्यांचा क्रम प्रत्येक स्पर्धेत वेगळा असतो. धाव सुरू होण्यापूर्वी माणसांना काही मिनिटं मैदानात फिरून तो क्रम पाठ करू देतात. कुत्र्याला मात्र आत सोडत नाहीत. म्हणजे वाट एकाला माहीत, आणि धावायचं दुसऱ्याने. धावताना पट्टा नाही, हातात खाऊ नाही, कुत्र्याला स्पर्श करायचा नाही. जे काही सांगायचं ते आवाजाने, हाताने, खांद्याच्या वळणाने, आणि तेही दोघं पळत असताना. सेकंदाला पाच मीटर वेगाने चाललेल्या कुत्र्याला उडी घेण्याच्या आधीच पुढचं वळण कळावं लागतं.

म्हणून निव्वळ वेग इथे पुरत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जाणारा ग्रेहाउंड सरळ धावेत बॉर्डर कॉलीला सहज मागे टाकेल. तरीही अ‍ॅजिलिटीच्या मैदानावर तो क्वचितच दिसतो. इथे पूर्ण वेगात असतानाही ऐकणारा कुत्रा लागतो.

१८७३ सालच्या दोन घटना

असा कुत्रा कुठून आला? त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागतं. १८७३ च्या एप्रिलमध्ये लंडनला केनेल क्लबची स्थापना झाली. जातींच्या वंशावळी लिहून ठेवणं आणि प्रदर्शनांना शिस्त लावणं, हे तिचं काम. पुढे प्रत्येक जातीची लेखी लक्षणं ठरत गेली : कान कसे, शेपूट कशी, रंग कोणता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वेल्समधल्या बाला गावी मेंढपाळांच्या कुत्र्यांची स्पर्धा भरली. तिथे कानाशेपटीला गुण नव्हते. मेंढ्या न बिथरवता ठरल्या जागी आणून लावल्या की नाही, एवढंच पाहायचं होतं. एकाच वर्षात कुत्र्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा अशा शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या.

बॉर्डर कॉली ही दुसऱ्या तऱ्हेची संतती. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या टेकड्यांत मेंढपाळ खाली उभा राहतो आणि कुत्रा अर्धा-पाऊण मैल दूर चढावर मेंढ्यांच्या मागे असतो. मेंढ्यांवर रोखलेली त्याची नजर हटत नाही, पण कान मालकाच्या शिळेकडे असतात. ‘कम बाय’ म्हटलं की कळपाला घड्याळाच्या दिशेने वळसा घालायचा, ‘अवे’ म्हटलं की उलट्या. ‘दॅटल डू’, म्हणजे ‘पुरे, बस झालं’, हे ऐकलं की असेल तिथून काम सोडून परत यायचं. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ‘हेम्प’ नावाचा कुत्रा जन्मला. न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवण्याची त्याची हातोटी अशी होती, की त्याची पिल्लं मिळवण्यासाठी मेंढपाळांची रीघ लागली. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचते. १९०६ मध्ये मेंढपाळांनी आपली संस्था काढली. तिच्या नोंदवहीत दिसण्यापेक्षा कामाला मान होता.

लंडनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली ती १९७६ मध्ये, म्हणजे त्या प्रात्यक्षिकाच्या अवघी दोन वर्षं आधी. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा तिथल्या मेंढपाळी कुत्र्यांच्या जाणकारांनी विरोध केला होता. दिसण्यावर निवड सुरू झाली की काम आटतं, अशी त्यांची भीती होती. जर्मन शेफर्डच्या बाबतीत तसं काहीसं घडलंही. १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी ही जात नोंदवली ती कामासाठीच. पण प्रदर्शनांसाठी जोपासलेल्या काही वंशांत उतरती पाठ आली, आणि या जातीत खुब्याच्या सांध्याचा विकार सतत डोकं वर काढत राहिला.

तर अ‍ॅजिलिटीचं मैदान म्हणजे मेंढ्यांशिवायची टेकडी. दूरवरून येणारा इशारा, क्षणात वळण, आणि काम संपल्याशिवाय न सुटणारं लक्ष. बॉर्डर कॉली जिंकते यात म्हणूनच नवल नाही. खेळ नवा असला तरी त्यातलं काम तिच्या रक्तात आधीपासून होतं.

आपल्याकडचे कुत्रे काय करत होते?

इथे भाचीने रास्त प्रश्न विचारला. ‘‘आपल्याकडेही धनगर आहेत, मेंढ्या आहेत. मग आपल्या कुत्र्यांचं काय?’’

धनगरांच्या कळपाबरोबर कुत्री असतात, पण त्यांचं काम निराळं. दख्खनच्या माळावर मेंढरं वळवतो तो धनगर स्वतः, हाकेने, शिळेने, काठीने. कुत्रं असतं ते राखणीला. रात्री मेंढरं जाळीत कोंडली की लांडग्याची चाहूल घेत बाहेर पडून राहायचं आणि वेळ आली तर मालकाच्या हुकमाची वाट न पाहता तुटून पडायचं. राखणदाराने प्रत्येक गोष्ट विचारून केली तर मेंढरू गेलंच म्हणायचं.

कारवान आणि मुधोळ हाउंड ही आणखी वेगळी गोष्ट. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. सोलापूर, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकाच्या उघड्या माळरानावर ससा हेरून त्याच्या मागे सुटणारे हे कुत्रे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्यांची निगुतीने जोपासना केली. ससा उठला की मालक मागे राहतो. पुढचे सगळे निर्णय कुत्र्याने धावता धावता घ्यायचे. त्या क्षणी मालक काय म्हणतो हे ऐकायला थांबलेल्या कुत्र्याच्या हातून ससा निसटतो, आणि अशा कुत्र्याची पिल्लं कुणी ठेवून घेत नसे. आज असा कुत्रा हाकेला ओ देत नाही, म्हणून लोक त्याला ‘हट्टी’ किंवा ‘मठ्ठ’ म्हणतात. त्यात त्याचा काय दोष? त्याच्या पूर्वजांची निवडच स्वतःच्या जिवावर निर्णय घेण्यासाठी झाली होती.

याचा अर्थ त्यांना अ‍ॅजिलिटी येणारच नाही असा नव्हे. शिकवणाऱ्याला जास्त धीर धरावा लागेल आणि स्पर्धेतल्या क्रमांकाची आस सोडावी लागेल, एवढंच.

शरीराचा हिशेब

स्वभावानंतर शरीर. खांद्यापर्यंतच्या उंचीवरून या खेळात कुत्र्यांचे गट पाडतात आणि उडीची उंची त्याप्रमाणे कमी-जास्त करतात. मोठ्या गटाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ५५ ते ६० सेंटीमीटरची दांडी असते, लहान गटाला २५ ते ३०. त्यामुळे लहान कुत्र्याचं काही बिघडत नाही. शेटलंड शीपडॉग हा छोटा मेंढपाळ, पाण्यात पडलेली बदकं आणून देण्यासाठी जोपासलेल्या पूडलचे लहान प्रकार, फुलपाखरासारख्या कानांचा चिमुकला पॅपिलॉन हे सारे आपापल्या गटात नाव काढतात. मोठ्यांत ऑस्ट्रेलियन शेफर्ड, केल्पी आणि बेल्जियन मॅलिन्वा. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर वेगात मागे पडतात, पण माणसाबरोबर काम करण्याची हौस त्यांना भरपूर असते. पहिल्यांदाच शिकणाऱ्या माणसाच्या चुका तेच जास्त सोसतात.

नको ते कोणते? डॅशहाउंडची पाठ लांब आणि पाय आखूड. त्याच्या मणक्यांतल्या चकत्या सरकण्याचा धोका मोठा, तेव्हा उड्या नकोतच. पग आणि बुलडॉग यांचं नाक चपटं. कुत्रं अंग निववतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि यांना ती धापच नीट टाकता येत नाही. एप्रिलच्या विदर्भात अशा कुत्र्याला पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डच्या वजनाचा भार प्रत्येक उडीनंतर पुढच्या सांध्यांवर येतो.

जात योग्य असली तरी वयाचं पथ्य आहेच. पिल्लाच्या हाडांची टोकं भरून यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १८ महिन्यांच्या आत कुत्र्याला स्पर्धेत उतरवता येत नाही. तोवर दांडी जमिनीवरच ठेवायची. पिल्लू घेताना आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. कॉली कुळातल्या जातींत, विशेषतः ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेल्टी यांच्यात, एमडीआर-१ या जनुकाचा दोष आढळतो. खरूज-गोचिडांवर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन जास्त मात्रेत गेलं तर अशा कुत्र्याच्या मेंदूवर परिणाम होतो. जनुकाची तपासणी करता येते, आणि निदान आपल्या पशुवैद्याच्या कानावर तरी ही गोष्ट आधीच घालावी.

आणि बॉर्डर कॉलीचीही दुसरी बाजू आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात या खेळात इजा होण्याचं प्रमाण याच जातीत जास्त आढळलं. ती स्वतःहून थांबत नाही. तिला ‘पुरे’ म्हणणारं माणूस लागतं. काम मिळालं नाही तर ती काम शोधून काढते. भिंतीवरच्या सावल्या, पंख्याची फिरती पाती, रस्त्यावरच्या मोटारसायकली या तिच्या मेंढ्या होतात. तिसऱ्या मजल्यावर अकरा तास एकटी राहिलेली बॉर्डर कॉली मला आमच्या वाड्याच्या दाराची आठवण करून देते.

जात किती, कुत्रा किती?

मग जातीवरून सगळं ठरतं का? २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरून दिलेली माहिती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून संशोधकांनी सांगितलं, की कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीने उलगडतो. बाकीचा प्रत्येक कुत्र्याचा स्वतःचा स्वभाव, वाढ आणि संगत. पण त्याच अभ्यासातली दुसरी नोंदही महत्त्वाची आहे. वागण्याच्या साऱ्या गुणांत जातीशी सर्वांत जास्त जोडलेला गुण होता तो माणसाच्या सूचना मानण्याचा.

माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच निवड करावी. जात शक्यता सांगते. समोरचं कुत्रं काय आहे हे ते कुत्रंच सांगतं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनातली अ‍ॅजिलिटी स्पर्धा जिंकली ती ‘निंबल’ या कुत्रीने. ती बॉर्डर कॉली आणि पॅपिलॉन यांची संकर. १८७७ पासून शुद्ध जातींचा मान राखत आलेल्या त्या प्रदर्शनात मिश्र जातीच्या कुत्र्यांना या खेळापुरता प्रवेश मिळाला तोच मुळी २०१४ मध्ये.

कुत्रं पारखण्याची साधी रीत आहे. मोकळ्या जागी त्याच्याशी थोडं खेळा आणि मग पाठ फिरवून चालू लागा. ते मागे येतं का? चेंडू टाकल्यावर परत घेऊन येतं, की घेऊन पसार होतं? अचानक भांडं पडलं तर दचकून किती वेळात सावरतं? आणि खेळ थांबवल्यावर शांत बसू शकतं का? शेवटचा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सर्वांत आधी विचारावा. पिल्लात हे सगळं नीट कळत नाही, म्हणून दीड-दोन वर्षांचं मोठं कुत्रं घेणं पुष्कळदा जास्त शहाणपणाचं. त्यात गावठीही आलं. आपल्या उन्हाची त्याला सवय असते, अंगाने हलकं असतं, आणि कुणी मुद्दाम घडवलेलं नसल्यामुळे त्याच्या शरीरात कसली टोकाची ठेवण नसते.

भाचीने पैसे भरले नाहीत. तीन महिने झाले, ती रोज सकाळी सोसायटीतल्या चिंगी नावाच्या गावठी कुत्रीला फिरवते. पार्किंगमध्ये दोन विटांवर केरसुणीचा दांडा ठेवते, खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा करते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘‘मामा, चिंगीला उड्यांचा कंटाळा आहे. तीनदा मारते आणि आडवी होते. पण बोगदा फार आवडतो. आणि गंमत सांगू? बोगद्यातून बाहेर आली की आधी मला शोधते.’’

मग जरा थांबून म्हणाली, ‘‘बॉर्डर कॉलीचं मी बंद केलेलं नाही हं. पण संध्याकाळी सहाला घरी येता येईल अशी नोकरी मिळाली, की मगच.’’

कोणतं कुत्रं घेऊ, असं तिने तीन महिन्यांपूर्वी विचारलं होतं. आता ती स्वतःजवळ किती वेळ आहे ते मोजते आहे. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. तेवढा काळ त्याला रोज काय काम देणार, याचा विचार आमच्या वाड्यात कुणीच केला नव्हता. मळ्यावर पाठवलेल्या त्या कुत्र्याचं नाव टायगर होतं. माथेफिरू नव्हे.